चारोळीचा लेप व चेहऱ्यावरील डाग

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील चारोळी दुधांत वाटून मुरुमांच्या डागांस लावण्याची चाल जुनीच आहे. ज्या भगिनींस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं लेप प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी, असें आम्हांस वाटतें. त्याच रानांतील बिब्बा मात्र चेहऱ्याजवळ आणूं नये. तो उतला म्हणजे नवाच डाग पदरीं पडतो.

परंतु फिकट वा तांबूस चट्टा न खाजतां टिकून राहिला, किंवा तेथें स्पर्श कळेनासा झाला, तर सरकारी दवाखाना गांठावा. तो कुष्ठरोग असूं शकेल. समाजानें टाकलेल्या अशा रोग्यांसाठींच बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. आज ६ किंवा १२ महिन्यांच्या मोफत औषधांनीं हा रोग बरा होतो. लपविण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.