सुट्टीतले काम आणि मूळ दाखला

परीक्षा संपल्या की कांजूरमार्गच्या आमच्या वस्तीतली मुले-मुली विचारतात, "काका, दोन महिन्यांचे काम मिळेल का?" शोधले तर मिळेल. लाल बहादूर शास्त्री मार्गावरची दुकाने, पवईतली कार्यालये सकाळीच पायी पालथी घाला. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या भरवशावर राहू नका. शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही.

कागदांची मात्र झेरॉक्सच द्या. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला मालकाकडे "अनामत" म्हणून अडकला, तर जूनमध्ये प्रवेश कशावर घेणार? दाखला पुन्हा काढताना किती चपला झिजतात, ते आईवडिलांना विचारा. कामासाठी आधी पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पगार किती आणि कोणत्या तारखेला, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.