संशोधनाचा आराखडा आणि प्रश्नाची भाषा

सामाजिक शास्त्रांतील पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याकडून विद्यापीठ अनेक कागद मागते. परंतु त्यांपैकी एकच त्याचा स्वतःचा असतो. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, पात्रता परीक्षेचा निकाल हे सर्व इतरांनी दिलेले असते. संशोधनाचा आराखडा मात्र त्याला स्वतः लिहावा लागतो. आपल्याला काय उमगलेले नाही, ते का उमगले पाहिजे आणि कोणत्या वाटेने उमगू शकेल, हे त्याने त्या मोजक्या पानांत सांगायचे असते. या कागदाला प्रवेशप्रक्रियेत मिळत चाललेले दुय्यम स्थान आणि तो बहुधा एकाच भाषेत लिहिण्याची अपेक्षा, या दोन गोष्टींचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.

‘नेट’ ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली ती अध्यापनाची पात्रता आणि छात्रवृत्ती ठरविण्यासाठी. तिच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत पूर्वी सविस्तर उत्तरे लिहावी लागत. जून २०१२ पासून तीही वस्तुनिष्ठ झाली. आज दोन प्रश्नपत्रिका मिळून १५० प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात आणि भाषाविषय वगळता त्या इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत निघतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतील निबंधवजा उत्तरांची प्रथाही २०१९ मध्ये संपली. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केल्यामुळे संशोधनाची मांडणी शिकण्याची मधली पायरी गेली. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेटचेच गुण वापरण्याचे ठरविले. छात्रवृत्ती न मिळालेल्या उमेदवारांच्या बाबतीत त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आला. आराखड्याला स्वतंत्र भार या हिशेबात नाही.

या बदलामागे सबळ कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतंत्र परीक्षेचे शुल्क आणि प्रवासखर्च गरीब विद्यार्थ्याला झेपत नसे. मुलाखतीत आडनाव, उच्चार आणि पेहराव यांचे वजन पडते, ही तक्रार दलित, आदिवासी व ग्रामीण विद्यार्थी दीर्घकाळ करीत आले आहेत आणि ती निराधार म्हणता येणार नाही. यंत्र आडनाव पाहत नाही, हा त्याचा गुणच आहे. परंतु उमेदवाराला पडलेला प्रश्नही ते पाहत नाही. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखण्याचे कौशल्य हे इतर कोणी आधी विचारलेल्या आणि सोडविलेल्या प्रश्नापुरते असते. संशोधनाचे काम तेथून पुढे सुरू होते. उमेदवाराच्या संशोधनाने ज्ञानात नवी भर पडेल काय, हे मुलाखतीत पाहावे, असे २०१६ च्या विनियमांत म्हटले होते. ही कसोटी काही मिनिटांच्या संभाषणावर सोपवून निभावणारी नव्हे.

सामाजिक शास्त्रांतील प्रश्न भाषेत कसा रुजलेला असतो, याचे एक उदाहरण मराठीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीने त्यांना खेडी दाखविली होती. वतन, हक्क, बलुते, अलुते या तेथल्याच शब्दांच्या आधारे त्यांनी गावातील देण्याघेण्याची रचना उलगडली. एकवीस वर्षांनी, १९३६ मध्ये, विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याचा उत्तर भारतातील एका खेड्यावर आधारलेला जजमानी व्यवस्थेचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे समाजशास्त्रात ‘जजमानी’ हाच शब्द भारतीय खेड्यातील सेवासंबंधांचे सर्वसाधारण नाव होऊन बसला आणि बलुते हा त्याचा एक प्रांतिक प्रकार मानला जाऊ लागला. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने १९७२ मध्ये अठराव्या शतकातील महाराष्ट्रासंबंधी निराळे प्रतिपादन केले. बलुतेदार हे विशिष्ट घराण्यांचे सेवक नसून समग्र गावाचे सेवक होते; सबब जजमानी हे नाव त्यांना लागू पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. परक्या शब्दाने बुजविलेला भेद पुन्हा उजेडात यायला अशी काही दशके गेली. त्यानंतर सहा वर्षांनी दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन आले आणि ज्यांच्या वाट्याला ते बलुते येई त्यांच्या बाजूने हा शब्द साहित्यात उभा राहिला.

आता असे कल्पावे, की साताऱ्याकडील एक विद्यार्थिनी केंद्रीय विद्यापीठात अर्ज करीत आहे. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने महारवतने संपली. त्यानंतर गावातील हक्क आणि मान यांची वाटणी कशी बदलली, हा तिचा विषय. बलुते हा हक्क की उपकार, हा तिच्या प्रश्नाचा गाभा. मराठीत तो प्रश्न तिला दोन वाक्यांत मांडता येतो, कारण ‘हक्क’ आणि ‘मान’ या शब्दांत गावचा इतिहास आधीच साठलेला आहे. इंग्रजी आराखडा लिहिताना तिला ‘पेट्रन’ आणि ‘क्लायंट’ या तयार शब्दांचा आधार घ्यावा लागतो. त्यांत उपकाराची बाजू गृहीतच धरलेली असल्याने, जे शोधायचे तेच सुरुवातीला मान्य केल्यासारखे होते. वाचणाऱ्यांना आराखडा सामान्य वाटतो. इंग्रजीच्या चुकांमुळे तो अधिकच सामान्य ठरतो.

यावर उपाय अशक्यप्राय नाही. आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत आराखडा स्वीकारावा आणि सोबत इंग्रजी किंवा हिंदी सारांश मागावा. मुलाखतीपूर्वी दोन परीक्षकांनी तो नाव झाकून वाचावा आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत. आडनावाचे वजन टाळण्याचा वस्तुनिष्ठ परीक्षेचा हेतूही त्यामुळे साधेल.

येथे एक आक्षेप संभवतो. मार्गदर्शकाला मराठी, कन्नड किंवा असमिया येत नसेल तर त्याने काय करावे? वस्तुतः ज्या संशोधनाची साधने मराठीत आहेत त्याला मराठी जाणणाऱ्या सहमार्गदर्शकाची गरज प्रवेशानंतरही असतेच. ती प्रवेशाच्या वेळीच ओळखली गेली तर बरे. प्रबंधाची भाषा हा निराळा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचे प्रबंध मराठीतही लिहिले जातात. अखिल भारतीय विद्यापीठात प्रबंध इंग्रजीत मागितला तर त्याचे समर्थन करता येईल. परंतु प्रबंधासाठी विद्यार्थ्याला काही वर्षे मिळतात आणि त्या काळात इंग्रजी शिकता येते. आराखड्याच्या टप्प्यावरच तो अडला, तर ती वर्षे त्याच्या वाट्याला येत नाहीत.

ही जबाबदारी केवळ आयोगावर टाकून चालणार नाही. अनेक केंद्रीय विद्यापीठांत भारतीय भाषांचे विभाग आहेत, आणि शब्दांतील असे भेद पारखणे हे तेथील अभ्यासकांचे नित्याचे काम आहे. समाजशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्र विभागाकडे भारतीय भाषेतील आराखडा आला, तर तो वाचून त्यावर लेखी अभिप्राय देण्याची तयारी भाषाविभागांनी स्वतःहून कळवावी. आजच्या नियमांतही मुलाखतीचे तीस टक्के विभागाच्या हाती आहेत. त्या मर्यादेत या प्रथेचा आरंभ पुढील प्रवेशवर्षीच करता येईल.