खडपात या, बादली घरी ठेवा

नाताळच्या सुट्टीला जेमतेम दोन आठवडे उरलेत. देवगडपासून मालवणपर्यंत खोल्या भरत आल्यात आणि आमच्या नाक्यावरच्या दुकानात प्लॅस्टिकच्या छोट्या बादल्या नि जाळ्या दोरीला टांगून झाल्यात. त्या रंगीबेरंगी बादल्या पाहिल्या आणि हे लिहायला बसलो.

गेल्या जानेवारीत, पाहुणे परतल्यावर, एका घरामागच्या उकिरड्यावर मला पाण्याची दोन लिटरची बाटली सापडली. वरून कापलेली. तळाशी दोन तारामासे, पाच-सहा शंख आणि नखाएवढा एक खेकडा. सगळं मेलेलं, वास सुटलेलं. बाटलीला कागद चिकटवून त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, ‘माझं मत्स्यालय’. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे अक्षरावरून मला इयत्ता ओळखता येते. हे अक्षर दुसरीतलं, फार तर तिसरीतलं. ‘माझं’वरचा अनुस्वारही विसरलेला नव्हता.

त्या पोराचा काही दोष नाही. त्याने ते जीव मायेनेच गोळा केले असणार. पण उन्हात ठेवलेलं बाटलीभर पाणी बघता बघता तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि भरती काही बाटलीत येत नाही, एवढं त्याला कुणी सांगितलं नाही. आईबाबांनी सांगायला हवं होतं, पण बहुधा त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. यंदा तुम्ही निघण्याआधीच ते तुमच्या कानावर घालतो आहे.

येऊ नका असं मी म्हणत नाही. उलट जरूर या, मुलांना घेऊन या. बहुतेक पाहुणे वाळूवर येतात, फोटो काढतात, तळलेला बांगडा खातात नि जातात. खडपाकडे ढुंकूनही बघत नाहीत. खडप म्हणजे भरतीत बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्यावरचा काळा खडक. पाणी मागे हटलं की त्याच्या खळग्याखळग्यांतून डबकी उरतात. काही परातीएवढी, काही न्हाणीघराएवढी. पुढचं पाणी येईपर्यंत तेवढंच त्यातल्या जिवांचं जग.

अशा एका डबक्याशी मुलाला बसवा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. पहिल्या मिनिटाला काहीच दिसणार नाही. ‘काही नाही इथे, चला’ असं तो म्हणेल. त्याला उठू देऊ नका. तुमची सावली हलायची थांबली की एक शंख चालायला लागेल. गोगलगाय असं चालत नाही, मग हा कोण? हा दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. काठावरचा वाळू चिकटलेला, चिखलाच्या गोळ्यासारखा दिसणारा लिबलिबीत ठिपका पाण्याखाली असेल तर फुलासारखा उमलेल. ते समुद्रफूल, आणि फूल म्हटलं तरी तो प्राणी आहे. त्याच्या पाकळ्या चिमुकल्या कोळंबीला डंख मारून ओढून घेतात. खडकाला चिकटलेले पांढुरके खरबरीत सुळके म्हणजे बार्नॅकल. तुमचा पाय कापतो तो बहुतेक त्यांनीच किंवा कालवांनी. बार्नॅकल डोकं खडकाला चिकटवून जन्मभर उलटा राहतो आणि पायांनी पाणी विंचरून खातो. याच्यावर डार्विनने आठ वर्षं घालवली. आमचं पोर पाच मिनिटं घालवू शकतं.

आणि मासे. बोटभर लांबीचे, खडकाच्याच रंगाचे. गोबी म्हणतात त्यांना. आमच्या खाजणातली निवटी त्याच गोतावळ्यातली. लेस्टर अ‍ॅरनसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये गोबीच्या एका जातीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओहोटीला डबक्यात अडकलेला हा मासा संकट आलं की उडी मारतो आणि नेमका शेजारच्या डबक्यात पडतो, कोरड्या खडकावर नाही. तिथून शेजारचं डबकं त्याला दिसतही नसतं. भरतीत सगळं पाण्याखाली असताना तो वरून पोहत फिरतो आणि खळगे कुठे आहेत ते लक्षात ठेवतो, असा त्या प्रयोगांचा निष्कर्ष. नकाशा पाठ करून ठेवलेला मासा! आता, ‘आम्ही पकडतो, पण परत पाण्यात सोडतो हो’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न: कुठल्या पाण्यात सोडता? शंभर पावलांवरच्या दुसऱ्या डबक्यात सोडलात, तर तिथला नकाशा त्याला कोण देणार?

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. काहीही उचलून आणू नका. जिवंत तर नाहीच, पण रिकामा शंखही नको. इथे लोक माझ्याशी वाद घालतात. मेलेल्याचं घर न्यायला काय हरकत? हरकत त्या बिऱ्हाडकरूची. त्या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला कवच नसतं. तो वाढला की जुना शंख अपुरा पडतो आणि मोठा लागतो. मोठा रिकामा शंख कुठे मिळाला तर काही वेळा हे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात: पहिला नव्या शंखात शिरतो, दुसरा पहिल्याच्या सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. तुम्ही शोकेससाठी उचललेला एक छानसा शंख म्हणजे अशा सगळ्या रांगेचं घर. आणि प्रवासात गाडीत दुर्गंधी सुटली, की ‘रिकाम्या’ शंखात कुणीतरी राहत होतं हे कळतं. तोवर फोंडा घाट मागे पडलेला असतो.

कायद्याचीही आठवण करून देतो, धाक म्हणून घ्या हवं तर. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि शंखांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यातला कुठला शंख संरक्षित आणि कुठला नाही, हे ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. हात न लावणं सोपं.

दगड उलटायची हौसही आवरा. दगडाच्या खालच्या अंगाला ओल आणि सावली असते, तिथे स्पंज असतात, अंडी असतात, ठिसूळ हातांचे तारामासे असतात. उलटा करून तसाच टाकलेला दगड म्हणजे छप्पर उडालेलं घर. खालचे उन्हाने मरतात आणि वरचे चिरडून. एकदा उलटवलाच, तर अलगद होता तसाच, त्याच बाजूवर ठेवा. चालतानाही पाय उघड्या खडकावर किंवा वाळूवर पडू द्या. हिरवट-तपकिरी मऊ गालिच्यासारखं जे पसरलेलं दिसतं ते शेवाळ नसेलही. तो झोअँथिड प्राण्यांचा जमाव असू शकतो, प्रवाळांच्या भावकीतला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जिवावरची.

२०२३ च्या जुलैत मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकावर बसलेलं एक जोडपं लाटेत सापडलं आणि त्यातली बाई वाहून गेली. मुलं काठावर होती, मोबाइलवर चित्रण चालू होतं. ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, पुढे पाठवलंही असेल. पावसाळ्यात आणि भरतीत खडपावर जायचंच नाही, यावर चर्चा नको. पण हिवाळ्यातला शांत समुद्रही फसवतो, तो असा. ओहोटी पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच वाढतं. माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, म्हणजे त्या दोन तासांतच निम्मं पाणी. आणि ते समोरून येत नाही. तुम्ही पुढे डबक्यावर ओणवे असता तेव्हा मागच्या खोलगट चरातून ते आधी भरतं, आणि परतीची वाट जाते. आमच्या इथे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, मुंबईला जवळपास पाच. दोन्हीही मुलाच्या डोक्यावरून जायला पुरेसे आहेत.

पाण्याची वेळ आधी कळायला मोबाइल चालतो, भरती-ओहोटीचं छापील कोष्टक त्याहून बरं. पण भिंतीवरचं कॅलेंडरही पुरतं. आमच्याकडची जुनी मंडळी तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. रोज साधारण पाऊण तास पुढे. (घड्याळ लावून मोजलं तर सरासरी पन्नास मिनिटं भरतात, पण पाच मिनिटांसाठी आमचे म्हातारे भांडत नाहीत.) हा अंदाज आहे, गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी एखाद्या मासेवाल्या काकूंना विचारून घ्या.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जात नाही, खडप धड उघडतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा ओहोटी चांगली खोल लागते, पण त्या दिवशी ती पहाटे पाचच्या सुमारास अंधारात, नाहीतर संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे परत येईस्तो काळोख. मुलांना घेऊन यायचं तर त्यानंतरची द्वितीया-तृतीयेची सकाळ गाठा. उधाणाचा जोर टिकून असतो, ओहोटी पावणेआठ ते साडेआठच्या आसपास लागते आणि ऊन कोवळं असतं. ओहोटीच्या दीड तास आधी खडपात उतरा आणि पाणी सर्वांत खाली गेलं की, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, निघा. पाणी वाढायला लागल्यावर नव्हे. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. एका मोठ्या माणसाने डबक्यात बघायचंच नाही, त्याने समुद्राकडे आणि मागच्या वाटेकडे बघायचं. आळीपाळीने बघा, पण कुणीतरी बघा.

सुंदर नक्षीच्या शंकूसारख्या शंखाला हात लावू नका. त्यातली गोगलगाय विषारी बाण मारते. उथळ पाण्यात वाळूवरून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट निघून जातं. लागलाच पाकटाचा काटा, तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय धरायचा आणि थेट डॉक्टर.

एक आक्षेप मला दरवर्षी ऐकावा लागतो. ‘गुरुजी, आम्हाला शंख उचलू देत नाही आणि त्या बायका टोपल्या भरभरून कालवं काढतात ते?’ काढतात. पोटासाठी काढतात, कमरेत वाकून काढतात, आणि कुठल्या खडकावरची यंदा काढायची नि कुठली राहू द्यायची हे त्यांना माहीत असतं. पावसाळाभर समुद्रच त्यांना खडपात पाऊल टाकू देत नाही. त्यांचं काढणं निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण बाटलीत मेलेल्या तारामाशाची आणि कालवाच्या कढीची बरोबरी मला पटत नाही. त्या बायकांचं एक मात्र ऐका. त्यांच्यापैकी कुणी ‘पाणी फिरला, वर येवा’ असं ओरडली, की हातातला मोबाइल खिशात घालून वर या. त्यांना समजावत बसू नका.

मुंबईकरांना खडप बघायला इतकं लांब यायचीही गरज नाही. हाजी अली, कार्टर रोड, जुहू, सगळीकडे खडपं आहेत. सागरी किनारा रस्त्याचं काम चालू झालं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या; तोवर तिथे प्रवाळ आहे हेच किती जणांना ठाऊक होतं? ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीला लोकांना असं फिरवून आणतो. त्यांच्याबरोबर एकदा जा, मग कोकणात उतराल तेव्हा डोळे तयार असतील.

आमच्या गावकऱ्यांनाही हात जोडून सांगतो. निवास चालवणाऱ्यांनो, खोलीत वायफायचा पासवर्ड लावता, त्याच्याच खाली उद्याच्या ओहोटीची वेळ लिहा. दुकानदार बंधूंनो, बादली-जाळीच्या जागी भिंग ठेवा. लहानसं भिंग बादलीइतक्याच पैशात येतं आणि मुलं भांडून घेतात, हे मी शाळेत पाहिलं आहे. शिक्षकांनो, सहलीचा दिवस शनिवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. आणि आईबाबांनो, मुलाला काहीतरी घरी न्यायचंच असेल तर वही द्या. डबक्यात किती जातींचे जीव दिसले ते त्याने मोजावं, चित्र काढावं. दहाच्या वर गेला तर गावात कुणालाही माझं घर विचारा; ती वही मला बघायची आहे.

येत्या पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या खडपात पाणी सर्वांत खाली असेल. मी सातपासून तिथे आहे. या, आणि हात रिकामे घेऊन या.