गव्हाणीतील क्षार

वाराणसीच्या गल्ल्यांतून हिंडणारी गाय यात्रेकरूंच्या चांगलीच ओळखीची असते. वाटेत टाकलेला उष्टा भात, केळीच्या साली, निर्माल्यातील हार आणि त्यांबरोबर प्लॅस्टिकची पिशवीही ती गिळून टाकते. पाहणारा हळहळतो व म्हणतो, ‘बिचारी भुकेली आहे.’ हे खरे आहे. परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. पोट भरलेले असूनही गुरे कधी हाडे चघळतात, माती चाटतात, दोर किंवा चामडे खातात. पशुवैद्यांना ही विकृती चांगली ठाऊक असून आहारातील क्षारांची, विशेषतः फॉस्फरसची, उणीव हे तिचे एक प्रमुख कारण आहे. आपल्याकडे गोरक्षणाची चर्चा उदंड होते. गाईच्या पोटाची मात्र फारशी होत नाही. ती होणे अगत्याचे आहे.

गाय गवत पचविते असे आपण म्हणतो. वस्तुतः गवतातील तंतुमय भाग पचविणारे पाचकरस तिच्या शरीरात तयार होत नाहीत. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात वस्ती करून राहिलेले असंख्य सूक्ष्मजंतू वैरण आंबवितात. त्या आंबण्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते आणि पुढच्या कप्प्यांत वाहून जाणारे सूक्ष्मजंतूच तिला प्रथिने पुरवितात. म्हणजे गोपालक गव्हाणीत वैरण टाकतो तेव्हा तो प्रथम या वस्तीला जेवू घालीत असतो. या वस्तीला वाढण्यासाठी फॉस्फरस हवा, प्रथिने घडविण्यासाठी गंधक हवे. आंबण्याने वाढणारी आम्लता लाळेमुळे आटोक्यात राहते. मोठ्या गाईला दिवसाकाठी १०० लिटरांहूनही अधिक लाळ सुटते व तिच्यात सोडियमचे आणि फॉस्फरसचे क्षार असतात. मिठाचा तुटवडा फार दिवस राहिला, तर लाळेतील सोडियमची जागा पोटॅशियम घेऊ लागते, भूक मंदावते आणि जनावर भिंती चाटू लागते.

कोबाल्टची हकीकत तर विलक्षणच आहे. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत हिरव्यागार कुरणांत चरणारी गुरे व मेंढ्या खंगून मरत असत. तेथील शास्त्रज्ञांनी १९३५ च्या सुमारास दाखवून दिले की, त्या जमिनीत व गवतात कोबाल्ट अत्यल्प आहे. पुढे १९४८ मध्ये ब-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात मिळाले व त्यात कोबाल्ट असल्याचे आढळले, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. कोटीपोटातील सूक्ष्मजंतू कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व बनवितात. ते नसेल, तर आंबलेल्या चाऱ्यातून निघालेल्या एका महत्त्वाच्या आम्लाचा उपयोग गाईला करून घेता येत नाही आणि तिची अन्नावरील वासनाच उडते. तत्पूर्वी दक्षिण आफ्रिकेत सर आर्नोल्ड थाइलर यांनी असेच एक कोडे सोडविले होते. तेथील गुरे माळावरची कुजकी हाडे चघळीत व त्यांतील विषाने मरत. मूळ दोष गवतातील फॉस्फरसच्या अभावात होता. हाडांची भुकटी चारताच गुरांची ती ओढ ओसरली.

हे संशोधन मुख्यतः मांसासाठी व लोकरीसाठी जनावरे पाळणाऱ्या देशांत झाले, हा योगायोग नव्हे. तेथे जनावराचे वजन हीच मालकाची मिळकत असते; ते घटले की तोटा तत्काळ वहीत दिसतो. उत्तर प्रदेशात १९५५ पासून गोवधबंदीचा कायदा आहे. वाराणसीच्या परिसरात गाय दुधासाठी व बैल कामासाठी पाळण्याची परंपरा असून, २०१५ मध्ये नोंदणी झालेली गंगातीरी ही तेथील गोजात या दोन्ही कामांस उपयोगी आहे. परंतु मालकाचा हेतू बदलल्याने कोटीपोटाचा धर्म बदलत नाही. मांसासाठी पाळलेल्या बैलाच्या पोटाला जे लागते, तेच गंगातीरी गाईच्या पोटालाही लागते.

तिच्या गव्हाणीत काय पडते ते आता पाहू. या भागातील मुख्य वैरण म्हणजे गव्हाचा भुसा आणि भाताचा पेंढा. भुशात फॉस्फरस अगदी थोडा असतो. पेंढ्यात सिलिका विपुल असते व त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. हिरवे बरसीम कॅल्शियम देते. पण ते हिवाळ्यातील पीक. गव्हाचा कोंडा फॉस्फरस भरपूर देतो, तथापि कॅल्शियम फारसे देत नाही. एक लिटर दुधाबरोबर साधारणपणे १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि १ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस गाईच्या शरीरातून बाहेर पडतो. वाराणसीजवळ करखियाव येथे २०२४ मध्ये दुग्धप्रक्रियेचा मोठा कारखाना सुरू झाला. दुधाला मागणी वाढणे हे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे. परंतु जितके दूध अधिक, तितके क्षारांचे देणेही अधिक, याचा विसर पडू नये. महाराष्ट्रात केवळ ज्वारीच्या कडब्यावर दुभते जनावर पोसणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या आजोबांच्या गाईंना कोणी क्षारांच्या पुड्या चारीत नव्हते.’ हे खरे. पण त्या गाई गायरानात नाना प्रकारचे गवत, झुडपांची पाने व शेंगा खात हिंडत. एका वनस्पतीतील उणीव दुसरी भरून काढी. आज गायराने आक्रसली असून गाय खुंट्याला बांधली गेली आहे. जिची निवड आपण हिरावून घेतली, तिच्या वतीने निवड करणे हे आपलेच काम ठरते.

याउलट ‘क्षार चांगले, तर मग भरपूर द्या’ हा उत्साहही घातक आहे. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात काही कुरणांवर चरताच गुरांना हगवण लागे. १९३८ मध्ये असे आढळले की, तेथील गवतात मॉलिब्डेनम प्रमाणाबाहेर आहे. कोटीपोटात मॉलिब्डेनम व गंधक एकत्र येऊन तांब्याला असे जखडतात की, ते शरीराला मिळत नाही. गंधक अति झाले, तर पोटात विषारी वायू निर्माण होऊन मेंदूला इजा पोहोचते. कॅल्शियम अति झाले, तर जस्त कमी शोषले जाते. म्हणून मिश्रण त्या त्या भागातील माती व चारा तपासून ठरविले पाहिजे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अशा प्रादेशिक मिश्रणांचे काम अनेक राज्यांत केले आहे, आणि गुरांच्या क्षार-मिश्रणासाठी भारतीय मानकही उपलब्ध आहे. प्रश्न ज्ञानाचा राहिलेला नाही. ते ज्ञान गव्हाणीपर्यंत पोहोचण्याचा आहे.

उत्तर प्रदेश शासनाने २०१९ मध्ये निराश्रित गुरांसाठी आश्रयस्थळे उभारण्याचे धोरण आखले. तेथे प्रत्येक जनावरामागे दररोज मिळणारी रक्कम आरंभी ३० रुपये होती. २०२३ मध्ये ती ५० रुपये करण्यात आली. अशा ठिकाणी किती जनावरे ठेवली, याचाच आकडा बहुधा सांगितला जातो. त्याऐवजी त्यांच्यापुढे काय ठेवले, हे विचारले गेले पाहिजे. नुसता भुसा टाकल्याने आकडा भरतो, कोटीपोट भरते, पण पचन चालत नाही. प्रौढ जनावराला दिवसाला साधारण ३० ते ५० ग्रॅम क्षार-मिश्रण व थोडे मीठ पुरते. त्याचा खर्च त्या रकमेचा अगदी लहान अंश आहे. पोटात साठलेले प्लॅस्टिक मात्र कोणत्याही क्षाराने विरघळत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते आणि रस्त्यावर टाकलेल्या पिशवीचा दोष गाईच्या माथी मारता येत नाही.

आधी पुरेसा व मिश्र चारा, मग मोजून दिलेले क्षार आणि औषध सर्वांत शेवटी, हा क्रम प्रत्येक गोठ्यात व आश्रयस्थळात पाळला जावा. पाचक चूर्णांवर होणारा पुष्कळसा खर्च त्याने वाचेल. गाईविषयीची श्रद्धा ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गोठ्यात पाऊल टाकताच प्रथम गव्हाणीत डोकावून पाहावे, एवढी अपेक्षा अस्थानी ठरू नये.