३१ जुलैनंतर कुणाच्या दारात जाऊ नका

ज्याचा विमा अर्ज, ई-पीक पाहणी आणि सातबारा यंदाच्या खरिपात एकमेकांशी जुळणार नाही, त्याच्या खात्यात पीक विम्याचा एक रुपयाही येणार नाही. मग रान कितीही वाहून गेलेले असो, आमदाराशी कितीही घसट असो, तहसीलसमोर कितीही दिवस उपोषण केलेले असो. मृग निघायच्या आत हे स्पष्ट सांगितले पाहिजे, म्हणून सांगतो आहे. ऑक्टोबरात सांगून काही उपयोग होत नाही. तेव्हा कागद बदलता येत नाहीत.

सप्टेंबर २०२५ विसरण्याइतका जुना झालेला नाही. सीनेच्या पाण्याने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावे वेढली. परंडा, भूमकडे सोयाबीन उभे सडले. बीड, लातूर, नांदेड, हिंगोलीत पीक तर गेलेच, काही ठिकाणी मातीही गेली आणि खाली नुसता मुरूम उरला. दावणीला बांधलेली जनावरे दाव्यासकट बुडाली. सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या आकड्यावर विसंबून यंदाची तयारी सोडणारा माणूस आपल्या लेकराबाळांचा घात करतो आहे. विशेष पॅकेज दरवर्षी येत नाही. आपत्ती निवारण निधीच्या ठरलेल्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. एका हेक्टर सोयाबीनचे बियाणे, खत, फवारणी आणि काढणी यांचा हिशेब स्वतः मांडून पाहा, म्हणजे ८,५०० रुपयांत काय भागते ते कळेल.

गावोगाव एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे, तो आधी मोडायला हवा. पाऊस पडला, रानात पाणी साचले, ७२ तासांच्या आत कंपनीला कळवले की भरपाई मिळते, असे अजून हजारो शेतकरी धरून चालले आहेत. खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता, तेव्हा ते खरे होते. ती योजना संपली. खरीप २०२५ पासून राज्याने हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली आणि स्थानिक आपत्ती, पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान ही चारही संरक्षणे काढून टाकली. उरले ते पीक कापणी प्रयोगावर आधारलेले उत्पादन. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्य प्राण्यांचे हल्ले आणि भातशेतीत पाणी साचणे ही दोन कारणे खरीप २०२६ पासून स्थानिक जोखमीत घेण्याचे जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांत छायाचित्रासह कळवावे लागते. पण कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित केल्याशिवाय तुम्हाला त्याचा उपयोग नाही. आपल्या तालुक्याचे नाव त्यात आहे का, हे कृषी कार्यालयात जाऊन विचारा. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांवर विसंबू नका.

उत्पादनावर आधारलेला विमा म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. तुमच्या महसूल मंडळाच्या मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढतात. तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा ती सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आली, तर उंबरठा साडेदहा क्विंटलचा. यंदा मंडळातल्या प्रयोगांची सरासरी साडेदहा किंवा त्याहून जास्त भरली, तर मंडळातल्या कुणालाच काही मिळणार नाही. ती सातवर आली, तर विमा रकमेचा एक तृतीयांश मिळेल. या हिशेबात तुमचे रान कुठेच नाही. ओढ्याच्या कडेची तुमची चार एकर स्वच्छ धुऊन गेली आणि माळावरच्या रानांनी मंडळाची सरासरी सावरली, तर तुमची भरपाई शून्य. हा नियम अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे आणि तो बदलण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण तो बदलेपर्यंत त्याच नियमाखाली पेरायचे आहे, हे डोळ्यांआड करून चालणार नाही.

तरीही विमा काढू नका, असे मी कुणालाही सांगणार नाही. खरीप अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के आहे. कापूस, कांद्याला पाच टक्के. वर्षभराच्या कष्टापुढे हा खर्च मोठा नाही. २०२५ सारखे वर्ष आले की मंडळाचे मंडळ झोपते, आणि अशा वेळी हातात येणारी ती एकमेव रक्कम असते जी मागावी लागत नाही.

खरिपाची शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते. मी तुम्हाला १५ जुलै देतो. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसतो, अर्ज भरण्याच्या केंद्राबाहेर रांगा लागतात, घाईत गट क्रमांक चुकतो, आणि ती चूक पुढे कुणी दुरुस्त करत नाही. मुदतवाढ मिळेल या आशेवर राहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की ती देणे सरकारवर बंधनकारक नाही.

फार्मर आयडी काढला नसेल तर उद्याच्या उद्या काढा. त्याशिवाय अर्जच होत नाही. वडील जाऊन वर्षे झाली आणि सातबारावर अजून त्यांचेच नाव आहे, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. त्यांनी आधी वारस नोंद करून घ्यावी. नवरा गेल्यावर एकटीने शेती ओढणाऱ्या बहिणींना याचा सर्वांत जास्त फटका बसतो. त्यांची नोंद अडवून धरणाऱ्या दीर-भावकीला मी बजावतो की तुम्ही तिच्या ताटातली भाकरी काढून घेत आहात. बटईने करणाऱ्यांचीही तीच गत आहे. नोंदणीकृत भाडेकरार नसेल तर बटईदाराला विम्यात जागा नाही. मालकाने करार करून द्यावा. करार केला की जमीन जाईल, या भीतीबद्दल गावातल्या शिकलेल्या पोरांनी घरोघरी जाऊन बोलले पाहिजे.

पीक कर्ज घेतले आहे म्हणून बँकेने विमा केलाच असेल, असे गृहीत धरू नका. २०२० पासून कर्जदारांनाही योजना ऐच्छिक आहे. बँकेत जा, हप्ता कापला का, किती क्षेत्रावर आणि कोणत्या पिकावर, ते पावतीवर बघा. रानात तूर आणि पावतीवर सोयाबीन, हे प्रकार दरवर्षी निघतात. ऑगस्ट लागला की ई-पीक पाहणी स्वतः बांधावर उभे राहून करा. चहाच्या टपरीवर बसून भाच्याच्या मोबाइलवरून केलेली पाहणी चालणार नाही. विम्यातले पीक आणि पाहणीतले पीक जुळले नाही तर अर्ज रद्द होतो.

आता ज्यांनी ही योजना नासवली, त्यांना उद्देशून. एक रुपयाच्या विम्याच्या काळात दीड कोटीहून अधिक अर्ज आले, आणि त्यांत सरकारी जमिनी, देवस्थानांच्या जमिनी, दुसऱ्यांचे सातबारे यांवर काढलेले विमे सापडले. त्या चोरीचा दंड आज प्रत्येक खरा शेतकरी भरतो आहे. योजना आवळली गेली त्यामागे हे एक मोठे कारण होते. नव्या नियमांत खोटा विमा काढणाऱ्याला पाच वर्षे काळ्या यादीत टाकून सरकारी योजना बंद करण्याची तरतूद आहे. ज्यांनी आजवर असे केले त्यांनी यंदा अर्ज भरण्याआधी विचार करावा. गावाला माहीत असते कुणाच्या गटात काय आहे. आजवर भावकी आणि भीड म्हणून लोक गप्प राहिले. यापुढे अशी नावे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिली जातील आणि तालुका कृषी कार्यालयात पोचतील. एक रुपयाच्या अर्जासाठी शंभर-दोनशे उकळणाऱ्या केंद्रचालकांनाही हेच सांगणे आहे. तुम्हाला कंपनीकडून प्रतिअर्ज ४० रुपये मिळत होते, तरी तुम्ही गरिबाच्या खिशात हात घातला. यंदा प्रत्येकाने पावती मागावी, पावती नाही तर पैसे नाहीत.

कागद का सांभाळायचा, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्याने दिलेले आहे. खरीप २०२० मध्ये ऑक्टोबरच्या पावसाने सोयाबीन गेले आणि ७२ तासांत सूचना दिली नाही म्हणून साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. शासकीय पंचनामे हाताशी होते, त्यांवर लढाई उभी राहिली आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. दोन वर्षे लागली, पण कागद टिकला म्हणून माणसे टिकली. नुकसान झाले की तारीख दिसेल असे फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागा, अर्जाची पोच घ्या आणि हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या सर्वांत उंच जागी ठेवा.

घराकडे आपण फार दुर्लक्ष करतो. मराठवाड्यातली माळवदाची घरे सततच्या पावसाला दाद देत नाहीत. माती भिजून जड होते, किलचे कुजलेले असतात, आणि रात्री झोपेत छत खाली येते. जून लागायच्या आत माळवदावर चढून बघा, आणि भिंतीला तडा असेल तर म्हाताऱ्यांना, लेकरांना त्या खोलीत झोपवू नका. घर पूर्ण पडले तर सपाट भागात १,२०,००० रुपये मिळतात. त्यात घर उभे राहत नाही. पक्के घर असेल तर एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी विचारा. तिच्यात पूर, वीज, आग यांचे संरक्षण आहे.

नदीकाठी राहणाऱ्यांनी विसर्गाचा इशारा आला की पहिल्यांदा दावे सोडावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. दुभती गाय-म्हैस गेली तर आपत्ती निधीतून ३७,५०० रुपये मिळतात, बाजारात तिची किंमत किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पशुधन विम्यात शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्के आहे, पण कानात बिल्ला नसेल तर दावा उभाच राहत नाही. बिल्ला पडला असेल तर आजच डॉक्टरला कळवा.

विजेबद्दल हात जोडून सांगतो, आणि तरीही ऐकले नाही तर रागावून सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवते. गुराख्याच्या, शाळकरी पोराच्या, घरातल्या बाईच्या मोबाइलवर ते असलेच पाहिजे. ढग गडगडले की झाडाखाली जाऊ नका. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत मिळतो. त्याचा हप्ता मे अखेरीस खात्यातून कापला जातो, आणि खात्यात वीस रुपये नसतील तर संरक्षण संपते. आज पासबुक भरून घ्या आणि हप्ता कापलेला नसेल तर पुन्हा अर्ज द्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वीज, सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे यांनी मृत्यू आल्यास दोन लाख मिळतात. १० ते ७५ वयाचा शेतकरी आणि घरातला एक जण तिच्यात येतो. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. दुःखाच्या वेळी हे बोलणे कठोर वाटेल, पण शवविच्छेदनाला नकार देऊ नका. त्या अहवालाविना मागे राहिलेल्या बाईचा दावा अडकतो.

पेरणीबद्दल दोनच वाक्ये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाडे हातात धरू नका, आणि घरचे सोयाबीन बियाणे ओल्या पोत्यात १०० दाणे घालून तपासा, ७० उगवले नाहीत तर ते बियाणे पेरू नका. दुबार पेरणीचा खर्च आता कुठलाच विमा देत नाही.

शेवटचे प्रशासनाला आणि विमा कंपन्यांना, गावकऱ्यांच्या वतीने. सगळी भरपाई पीक कापणी प्रयोगावर टांगली आहे, तर तो प्रयोग गुपचूप होता कामा नये. कोणत्या गटात, कोणत्या तारखेला प्रयोग आहे, त्याची यादी १ सप्टेंबरपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. सरपंच, पोलीस पाटील आणि त्या मंडळातले शेतकरी यांच्यासमोर पीक कापले गेले पाहिजे, वजन मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे आणि त्याच जागी लिहिले गेले पाहिजे. बांधावर न जाता कार्यालयात बसून भरलेला प्रत्येक तक्ता आम्ही खोटा समजू. यादी लागली नाही, तर २ सप्टेंबरला गावातून तहसीलदारांकडे लेखी तक्रार जाईल आणि तिची पोच घेतली जाईल. प्रयोग गावाला न कळवता झाला, तर गावातला एकही माणूस त्या कागदावर सही करणार नाही आणि ती हरकत त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या तक्रार निवारण समितीकडे आणि १४४४७ या क्रमांकावर नोंदवली जाईल. भरपाई ठरल्यावर ती वेळेत आली नाही, तर १२ टक्के व्याजाची तरतूद आहे, आणि राज्याने आपला हिस्सा उशिरा भरला तर त्यालाही तीच लागू आहे. ते व्याज आम्ही मागणार आहोत.