दारची शेळी आणि गृहस्थाचे व्रत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला उभ्या कोकणात घरोघरी मखरे सजतात. गणपतीपुळे गावात मात्र घरी स्वतंत्र मूर्ती आणण्याची प्रथा नाही. येथे डोंगरच देव मानला आहे, आणि पश्चिमेकडे मुख केलेला स्वयंभू गजानन हाच साऱ्या गावाचा घरचा गणपती होय. प्रदक्षिणाही डोंगरालाच घालावयाची. त्या डोंगरावरची झाडी, पाखरे, गुरे, सारेच ओघाने देवाच्या परिसरातले. अशा गावात 'पाळलेल्या जिवाशी माणसाने कसे वागावे' हा प्रश्न उत्सवाच्या दिवसांत निघाला, तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

प्रश्न निघाला तो कीर्तन आटोपल्यावर. मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "बुवा, घरामागे तीस गुंठे जागा मोकळी आहे. पाच शेळ्या आणि वीस कोंबड्या पाळाव्यात असे मनात आहे. तेवढाच जिवाला विरंगुळा. पण आमचे घर माळकरी. यात काही दोष आहे काय?"

प्रश्न एका घराचा दिसला तरी तो आज अनेक घरांचा आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत शहरांतून माणसे गावी परतली. त्यांतील काही येथेच राहिली, काहींनी निदान एक पाय गावात ठेवला. पुण्यामुंबईच्या मंडळींनी समुद्राकाठी जागा घेतल्या. त्याच वर्षी राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि पाहुण्यांच्या मुलांनी करडांना पाला भरवावा, खुराड्यातून स्वतःच्या हाताने अंडे काढावे, ही एक हौस झाली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाखांवर भरली. महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक होती. त्याहून बोलका आकडा परसातील कोंबड्यांचा आहे. मागील गणनेच्या तुलनेत त्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींच्या पुढे गेल्या. व्यापारी कुक्कुटपालनातील वाढ त्या मानाने पाच टक्क्यांच्या आतच होती. म्हणजे कोंबडी पुन्हा अंगणात आली आहे. ती ज्या अंगणात आली, त्या अंगणाचा धर्म काय, याचा विचार करणे प्राप्त आहे.

अनुदान खरेदीला, पाळण्याला नव्हे

प्रथम शासनाचे धोरण पाहू. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनास शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पाचशेपर्यंत शेळ्यामेंढ्या, पंचवीस हजारांपर्यंत मांसल पक्षी, पन्नास हजारांपर्यंत अंडी देणारे पक्षी, अशा मर्यादेतील व्यवसायाला वीजदर व स्थानिक कर शेतीप्रमाणे लागावेत, हा त्याचा आशय. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाचे स्वरूप २०२१ साली बदलले. त्यात शंभर शेळ्या व पाच बोकड येथपासून पाचशे शेळ्या व पंचवीस बोकड येथपर्यंतच्या प्रकल्पांना निम्मे भांडवली अनुदान, दहा लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत, मिळू शकते. लहान माणसासाठी राज्याची दहा शेळ्या व एक बोकड अशा गटाची योजना आहे.

हे सर्व स्तुत्यच आहे. तथापि, यातील बहुतेक अनुदान जनावर विकत घेण्याला आणि गोठा उभारण्याला आहे. विकत घेतल्यानंतरचा पहिला पावसाळा, पहिली साथ, पहिले अडलेले वेत, या वेळी पाच शेळ्यांचा धनी एकटा असतो. पशुवैद्याचा दवाखाना दूर, वाट चिखलाची आणि वेळ मध्यरात्रीची. शंभर शेळ्यांचा मालक स्वतःचा माणूस ठेवू शकतो. पाच शेळ्यांच्या धन्याला स्वतःच जागावे लागते. हे जागरण कोणत्याही योजनेत मोजलेले नाही.

जेथे अज्ञान आणि हौस एकत्र येतात, तेथे ठकही येतात. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे कडकनाथ कोंबडीपालनातील फसवणुकीचे प्रकरण उघडकीस आले. पक्षी आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच घेऊ, या आश्वासनावर अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी साठवलेला पैसा ओतला आणि तो बुडाला. पंचतंत्रात तीन ठक एका ब्राह्मणाला त्याच्या खांद्यावरचा बोकड हा कुत्रा असल्याचे पटवून देतात. येथे ठकांनी उलट केले. साध्या कोंबडीची कामधेनू करून दाखविली. युक्ती तीच: अनेक मुखांनी एकच असत्य वारंवार सांगावयाचे.

जाजलीच्या जटेतील घरटे

आता शास्त्राकडे वळू. शेळी ही आपल्या परंपरेत परकी नाही. ग्राम्य पशूंच्या गणनेत तिला स्थान आहे. ऋग्वेदातील पूषा देवाचा रथ बोकड ओढतात. कोंबडा स्मृतिकारांनी अभक्ष्य ठरविला खरा. पण तोच कोंबडा आपल्या गजाननाच्या बंधूच्या, कार्तिकेयाच्या, ध्वजावर विराजमान आहे. म्हणून केवळ पाळण्यात दोष आहे, असे म्हणण्यास आधार दिसत नाही. दोष शिरतो तो पाळण्याच्या रीतीत.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो काष्ठवत् निश्चल उभा असता चिमण्यांच्या एका जोडप्याने त्याच्या जटेत घरटे केले. जाजलीच्या ते ध्यानात आले. पण तो हलला नाही. अंडी घातली गेली, पिल्ले निघाली, त्यांना पंख फुटले. पिल्ले दिवसा उडून जात आणि सायंकाळी परत येत, तो उभाच. पुढे ती पाच दिवस आली नाहीत आणि सहाव्या दिवशी आली. तरी तो उभाच. महिनाभर एकही परतले नाही, तेव्हा कोठे तो नदीवर गेला. अग्नी आणि सूर्य यांची उपासना केली आणि मग त्याच्या मनात आले, 'मला धर्म साधला.' त्याच क्षणी वाणी ऐकू आली की, वाराणसीच्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही.

या कथेचा उत्तरार्ध आपण नेहमी सांगतो. पूर्वार्ध मात्र घाईने उरकतो. वास्तविक पाळणे म्हणजे काय, हे पूर्वार्धातच आहे. जो जीव आपल्या आश्रयाला आला, तो स्वतंत्र होईपर्यंत आपण जागा सोडावयाची नाही. पिल्ले परत येणार नाहीत याची खात्री होईपर्यंत जाजलीने मान हलविली नाही. आणि एवढे करूनही त्याचा अभिमान धरला, तर केलेले उणे होते.

उंटावरून शेळ्या

या कसोटीला आजची हौस लावून पाहावी. मालक मुंबईत, शेळ्या कोकणात, गडी रोजाने ठेवलेला, आणि देखरेख भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. 'उंटावरून शेळ्या हाकणे' ही म्हण आपण उपहासाने वापरीत होतो. आता ती शब्दशः खरी झाली आहे. फरक इतकाच की, उंटावर बसलेल्याला निदान शेळ्या समोर दिसत तरी असत.

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेळी मुळात कोरड्या रानाची. ओल्या जमिनीवर तिचे खूर कुजतात, गारठ्याने करडे दगावतात, ओल्या कोवळ्या गवताने पोट बिघडते. म्हणून कोकणात शेळीला जमिनीपासून उंच, फटींच्या फळ्यांचे मचाण हवे. म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडते आणि अंग कोरडे राहते. पावसापूर्वी आंत्रविषाराची लस व जंताचे औषध चुकविता कामा नये. देशावरची उस्मानाबादी किंवा राजस्थानची सिरोही दिसावयास देखणी म्हणून आणली जाते आणि पहिल्याच आषाढात आजारी पडते. त्यापेक्षा सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ ही काळ्या अंगाची, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असलेली शेळी या हवेत रुळलेली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास केला आणि पुढे तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही मिळाली.

दुसरा विचार शेजाऱ्याचा. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणातील माळ आंबा-काजूच्या कलमांनी भरून गेले. सुटलेली एक शेळी एका दुपारी दुसऱ्याच्या दहा वर्षांच्या आशेचे शेंडे खाऊन टाकते. बांधून ठेवावी, तर पाला तोडून आणावा लागतो. सोडावी, तर मागे राहावे लागते. रात्री बिबट्याचे भय आहे, दिवसा पिल्लांवर घार आणि मुंगूस टपलेले आहेत.

कोंबडीचे तर सारे गावाच्याच हाती असते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका खुराड्यात शिरली की वाडी रिकामी करते. तिची लस स्वस्त आहे. पण कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की थोड्याच तासांत संपवावी लागते. वीस कोंबड्यांच्या धन्याने एकट्याने ती आणली, तर बहुतेक वाया जाते. म्हणून कोणीच आणीत नाही, आणि सर्वांच्याच कोंबड्या मरतात. बर्ड फ्ल्यूची गोष्ट याहून कठीण. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो देशात प्रथम आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात आला. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीचे सारे पाळीव पक्षी, निरोगीसुद्धा, नष्ट करावे लागतात. तेव्हा एकाच्या निष्काळजीपणाची किंमत साऱ्या वाडीला पडते.

जन्मणाऱ्यांतले निम्मे

इथवर झाला तो व्यवहार. माळकरी गृहस्थांच्या प्रश्नाचे मर्म याच्या पुढे आहे.

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. दोन वर्षांत तिची तीन वेते होतात आणि पुष्कळदा जुळी होतात. जन्मणाऱ्या करडांत साधारण निम्मे बोकड. कोंबडीखाली एकवीस दिवसांनी फुटणाऱ्या अंड्यांतही निम्मे नर. पाच शेळ्यांच्या कळपाला एक बोकड पुरतो. वीस कोंबड्यांना दोन कोंबडे. उरलेल्यांचे काय? दूध आणि लेंडीखत एवढ्यासाठीच शेळी पाळली, असे म्हणणाऱ्याच्या दारीही पहिल्याच वर्षी हा प्रश्न येऊन उभा राहतो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. गाय पाळणाऱ्यालाही गोऱ्ह्याच्या वेळी हाच प्रश्न पडतो. आपण तो उघड बोलत नाही, इतकेच.

यावर महाभारतात दोन उत्तरे आढळतात. तुलाधार म्हणतो, शेळी अग्निस्वरूप आहे, मेंढी वरुणस्वरूप, घोडा सूर्यस्वरूप. यांची विक्री करून कोणाचे कल्याण होत नाही. दुसरे उत्तर वनपर्वातील धर्मव्याधाचे. मिथिलेत मांस विकणारा हा मनुष्य स्वतः प्राणी मारीत नाही, मांस खात नाही. परंतु आपला धंदा काय आहे, हे कौशिक ब्राह्मणापासून लपवीतही नाही. आपल्या कर्मात हिंसा आहे, हे तो मान्य करतो आणि नांगर धरणाऱ्याच्या हातूनही ती घडते, याची आठवण देतो. एकाने विक्रीच वर्ज्य मानली; दुसऱ्याने कर्म चालवून सत्य सोडले नाही. पण बोकड रात्री गुपचूप व्यापाऱ्याच्या हाती द्यावा, पैसे घ्यावेत आणि 'आमच्या घरी हिंसा होत नाही' असे सकाळी सांगावे, हे तिसरे उत्तर मात्र दोघांपैकी कोणीच दिलेले नाही.

कोकणात अनेक घरी गौरीपूजनाला तिखटाचा नैवेद्य असतो, ग्रामदेवतेला राखण दिली जाते. तो त्या त्या कुळाचा आचार आहे. त्यावर निवाडा देण्यासाठी हा लेख नाही. परंतु नैवेद्य कोणताही असो, तो देवापर्यंत कोणत्या वाटेने आला, याला अर्थ आहे. सणाच्या आदल्या दिवशी पाय बांधून, डोके खाली करून दुचाकीला लटकविलेल्या कोंबड्या रस्त्याने जाताना आपण सारे पाहतो. प्राण्यांना असे क्लेश देऊन नेणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अपराध ठरविले आहे, आणि १९७६ पासून जीवमात्राविषयी दया हे राज्यघटनेने सांगितलेले नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे. ज्या गजाननाच्या पायाशी उंदरालाही मानाची जागा आहे, त्याच्या उत्सवात हे दृश्य शोभत नाही. शाकाहारी असो वा मांसाहारी, हे थांबविणे दोघांच्याही हाती आहे.

त्या गृहस्थांना मी जे सांगितले, तेच येथे लिहितो. एक पावसाळा गावी सलग राहून काढा. शेजाऱ्याच्या शेळ्यांना पाला घाला, एखादे वेत जवळून पाहा, मग ठरवा. शेळी दारी आणण्यापूर्वी, बोकडांचे काय करावयाचे, हे घरातल्या सर्वांसमोर, मुलांसमोरही, बोलून घ्या. माळेला विक्री मानवत नसेल, तर जितके बोकड खच्ची करून आयुष्यभर पोसता येतील, तितकीच वेते होऊ द्या. तेवढे झेपत नसेल, तर शेळी आणू नका, परसात भाजी लावा. त्यातही देव आहे. आणि कोंबड्या पाळावयाच्या असतील, तर लसीची कुपी एकट्याने आणू नका. वाडीतील सर्वांची नावे घ्या, एक दिवस ठरवा, पशुवैद्याला बोलवा.

ते म्हणाले, "बुवा, वाडी एवढ्यासाठी जमेल?"

ज्या गावाने सर्वांचा मिळून एकच गणपती मानला, ते गाव शंभर कोंबड्यांच्या लसीसाठी जमू शकणार नाही, असे मला वाटत नाही. आरतीच्या वेळी ताम्हन घेऊन जसे दारोदार जातो, तसे वर्षातून दोनदा जावे लागेल, एवढेच. आपल्या आश्रयाला आलेला जीव सांभाळण्याची बुद्धी आणि तो सांभाळला याचा गर्व न होण्याची बुद्धी, या दोन्ही श्रीगजाननाने सर्व भाविकांस द्याव्यात, ही प्रार्थना.