चालवील त्याची गाडी?

गाडी विकत घेणारा माणूस अडाणी असतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. कळवलं ते आमच्याच इमारतीतल्या एका तरुण गृहस्थांनी. लिफ्ट बंद होती, आम्ही दोघं बरोबरच जिना चढत होतो, आणि खाली माझी २०१५ची, दुसऱ्या हाताची गाडी पाहून त्यांना माझी दया आली असावी.

"काका, गाडी ही उतरत्या किमतीची वस्तू. शोरूमच्या बाहेर काढली की लाख रुपये गेले. तिच्यासाठी कर्ज काय काढायचं? लीजवर घ्या. महिन्याला ठरलेलं भाडं. त्यात विमा आला, सर्व्हिसिंग आलं, कर वाचतो तो वेगळाच. हातातले पैसे एसआयपीत टाका. चार वर्षांनी किल्ली परत द्या, नवी गाडी घ्या. मालकी हवीय कुणाला? ती तुमच्या पिढीची खोड आहे."

तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली होती, म्हणून उत्तर दिलं नाही. ते इथे देतो.

आधी शब्दाचाच निकाल लावू. बंगळूरच्या यशवंतपुरात 'लीज' हा शब्द आमच्या मित्राच्या जन्माआधीपासून नांदतो आहे. मत्तिकेरेपासून गोकुळपर्यंत कुठल्याही गल्लीत 'घर लीजला देणे आहे' अशी पाटी दिसते. कन्नडमध्ये त्याला भोग्य म्हणतात. घरमालकाला एकरकमी दहा-बारा लाख द्यायचे, दोन-तीन वर्षं एक पैसा भाडं न देता राहायचं, आणि सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. त्याला व्याज नाही, पण मुद्दल शाबूत. (मालक पैसे बुडवतो तेव्हा काय होतं, हा वेगळा आणि दुःखद लेख आहे.) लीज म्हणजे शेवटी आपले पैसे आपल्याला परत, हा या शहराचा अनुभव. गाडीच्या लीजमध्ये परत मिळते ती तुमची अनामत, तीही कापून. नाव एक आणि व्यवहार बरोबर उलटा! शब्दांची अशी पळवापळवी झाली की मला आधी खिसा चाचपावासा वाटतो.

दुसरं असं की मी पीण्या भागातल्या एका कारखान्यात जमाखर्च सांभाळतो. लीज मला नवी नाही. आम्ही यंत्रं लीजवर घेतली आहेत आणि उद्याही घेऊ. लेथ दोन पाळ्यांत चालते, माल काढते, त्या मालाच्या पैशातून भाडं जातं, घसारा लीज कंपनी दाखवते, आम्ही भाडं खर्चात टाकतो. इथे लीज शहाणपणाची आहे, कारण वस्तू कमावती आहे. आमच्या मित्राची गाडी सकाळी सव्वानऊला तुमकूर रस्त्याला लागते, गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला चाळीस मिनिटं उभी राहते, आणि संध्याकाळी त्याच सिग्नलला उलट्या बाजूने उभी राहते. ती काय कमावते? रक्तदाब.

आता हिशेब, कारण 'काकांना आकडे कळत नाहीत' असा समज दिसला. बारा लाखांची गाडी धरू. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला आजीव कर १७ टक्के, वर उपकर. म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. विमा धरून गाडी रस्त्यावर पावणेपंधरा लाखांना येते. पावणेतीन लाख खिशातून भरा, बारा लाखांचं कर्ज काढा, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे २४,९१० रुपये. अशाच गाडीचं लीजचं जे पत्रक आमच्या मित्राने मला मोबाइलवर दाखवलं, त्यात भाडं होतं महिना ३४,०००, सगळं धरून, चार वर्षांसाठी. म्हणजे १६,३२,०००. कर्जवाल्याने चार वर्षांत भरले पावणेपंधरा लाखांहून थोडे कमी, उरलेलं कर्ज एकदम फेडलं तर आणखी पावणेतीन-तीन लाख, विमा आणि देखभाल दीड-पावणेदोन लाख. एकूण एकोणीस लाखांच्या वर. इथे आमचे मित्र टाळी मागायला हात पुढे करतील. थांबा. कर्जवाल्याच्या दारात गाडी उभी आहे. पडत्या भावाने साडेसहा लाखांना विकली तरी त्याचा खर्च पावणेतेरा लाखांच्या आसपास आला. लीजवाल्याच्या दारात त्या जागी तेलाचा डाग आहे.

फरक साडेतीन लाखांचा. आणि व्याज काय फक्त कर्जालाच असतं? लीज कंपनीही पैसे कुठून तरी आणतेच. ते व्याज भाड्यात विरघळवलेलं असतं म्हणून दिसत नाही, एवढंच. शिवाय कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, आणि लीजच्या भाड्यावर तो गाडीच्याच दराने लागतो: सप्टेंबर २०२५ नंतर लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. भाड्यात विरघळलेल्या व्याजालाही तोच. साखर दुधात विरघळली तरी वजनात येतेच.

एसआयपीबद्दल एवढंच, की गेल्या चार वर्षांत ज्याने ती तीनदा मोडली (एकदा गोव्यासाठी), त्याने ती मला शिकवू नये.

पण माझा खरा राग या कशावरच नाही. तो आहे 'किल्ली परत द्या' या तीन शब्दांवर. हे शब्द इतके हलके उच्चारले जातात, जणू ग्रंथालयात पुस्तक परत करायचं आहे. मी एकदा लीजची गाडी परत दिली आहे. होय, मीसुद्धा. कारखान्यामार्फत २०१४ साली घेतली, चार वर्षं फिरवली. त्या चार वर्षांत मला गाडीचा मालक असल्यासारखं कधी वाटलं नाही. दुसऱ्याच्या सुनेला माहेरी पोचवायला निघालोय, असं वाटायचं. मार्केट यार्डाजवळून जाताना कांद्याच्या पोत्यांची हातगाडी दिसली की पोटात गोळा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरची मर्यादा. कोल्हापूरला आई असताना वर्षातून पाच-सहा खेपा व्हायच्या, एकेक जाऊनयेऊन बाराशे किलोमीटरची. शेवटच्या वर्षी मी आईला भेटायला जाण्याआधी मीटर पाहत होतो. हे लिहिताना अजून लाज वाटते. तिकडून आत्या म्हणायची, "एवढी गाडी आहे दाराशी, आणि तू रेल्वेनं का आलास रं?" काय सांगणार?

अखेर तिसऱ्या वर्षी ती हातगाडी आडवी आलीच. मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा. मत्तिकेऱ्यात एक रंगारी आहे, हात असा की दार नवं वाटावं. बावीसशे रुपये घेतले. मी खूश.

मग परत द्यायचा दिवस उजाडला. लीज कंपनीचा माणूस आला, पंचविशीतला, अत्यंत नम्र. हातात टॉर्च, खिशात खडू आणि मोबाइलएवढं एक यंत्र. भर दुपारी तळघरात टॉर्च मारत तो गाडीभोवती दोनदा फिरला. जिथे थांबेल तिथे खडूने गोल. बंपरवर तीन गोल. उजव्या आरशाखाली एक, तो ओरखडा मी चार वर्षांत पाहिलाच नव्हता. मग त्याने ते यंत्र पत्र्याला टेकवलं. रंगाच्या थराची जाडी मोजतं म्हणे. बॉनेटवर एकशे दहा, छपरावर एकशे पंधरा, पुढच्या दारावर एकशे वीस मायक्रॉन. मागच्या डाव्या दारावर दोनशे ऐंशी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत गुरुजी दुसऱ्याची वही उतरवणाऱ्याकडे पाहायचे. "सर, हे बाहेर केलंय." करारात कलम होतं: दुरुस्ती मान्य कार्यशाळेतच. आणखी एक कलम होतं: 'वाजवी झीज' वगळता नुकसानभरपाई. वाजवी म्हणजे किती, ते कोणी ठरवायचं, हे लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ठरलेलं होतं. अनामतीतून सदतीस हजार चारशे गेले, जादा किलोमीटरचे वेगळे. त्या दिवशी मी मेट्रोने घरी आलो आणि सँडल सोप फॅक्टरी स्टेशनावर चुकून उतरलो.

शेतकऱ्याच्या घरातला माणूस मी. खंडाने जमीन कसणं म्हणजे काय ते आजोबांकडून ऐकलंय. तिथेसुद्धा १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. कसेल त्याची जमीन. गाडीला चार वर्षं तेल घातलं, धुतली, पुसली, तिच्यासाठी आईच्या भेटी मोजल्या. पण चालवील त्याची गाडी असा कायदा काही अजून झाला नाही. तो व्हावा अशी माझी मागणीही नाही. मग कुळासारखं वागून वर स्वतःला आधुनिक तरी म्हणवून घेऊ नका.

आणि मालकी ही 'खोड' असेल तर या शहराचा इतिहास एकदा चाळावा. १६३८ पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे ते व्यंकोजींकडे आलं. ते तंजावरात रमले, बंगळूर लांबचं आणि सांभाळायला अवघड वाटू लागलं, विकायची बोलणी सुरू झाली, एवढ्यात १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या हवाली केलं. कुणी ती विक्री म्हणतं, कुणी भाडेपट्टा. कागदावर काय होतं त्यावर अभ्यासकांनी भांडावं. शहर पुन्हा आपल्याकडे आलं नाही, एवढं मात्र मला रोज खिडकीतून दिसतं. 'सांभाळायचा त्रास नको' म्हणून काय काय जातं!

विषयांतर झालं खरं, पण या जातीच्या विद्वानांशी माझा झगडा जुना आहे. अॅपच्या टॅक्सी आल्या तेव्हा हेच लोक सांगत होते की पाच वर्षांत कुणी गाडीच घेणार नाही. मग सोफे भाड्याने आले, तेव्हा फर्निचर घेणारा अडाणी ठरला. आता गाडी. दरवेळी एकच: वस्तू सांभाळणं हे जणू मागासलेपण, आणि दरमहा कुणाला तरी काहीतरी भरत राहणं हे स्वातंत्र्य. पावसात टॅक्सी मिळायची नाही तेव्हा हे गृहस्थ माझं दार वाजवायचे, हे नमूद करून ठेवतो.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी जुनी झाली तर काय, म्हणून तरी लीज बरी, हा त्यांचा आणखी एक मुद्दा. बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. नुसती बॅटरीच भाड्याने घेण्याची सोयही निघाली आहे. २०२४च्या सप्टेंबरात एक गाडी ९.९९ लाखांना आली, बॅटरीचे साडेतीन रुपये किलोमीटरमागे वेगळे. ही कल्पना मला वाईट वाटत नाही. पुढे.

एक मुद्दा मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवा, आणि जमाखर्चवाला म्हणून तो मला नाकारता येत नाही. पगारदार माणूस तीस टक्क्यांच्या पायरीवर असेल आणि त्याची कंपनी गाडी लीजवर घेऊन देत असेल, तर भाडं कर लागण्याआधीच पगारातून जातं, आणि गाडीच्या सुविधेची करपात्र किंमत नियमाने ठरलेली, फार थोडी असते. १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला, चालवण्याचा खर्च कंपनीने दिला तर, कित्येक वर्षं ती महिना १,८०० रुपये होती. चौतीस हजारांच्या भाड्यावर दरमहा दहाएक हजार वाचले तर माझा वरचा साडेतीन लाखांचा फरक पुसला जातो, वर थोडं उरतंही. कबूल. पण हा फायदा गाडीचा नाही, करनियमाचा आहे. आणि गाडी काही अंशी तरी कंपनीच्या कामाला वापरली जाते, या गृहीतावर तो उभा आहे. शिवाय नोकरी सोडली की गंमत सुरू होते: उरलेली भाडी भरा, नाहीतर ठरलेल्या रकमेला गाडी घ्या. बंगळुरात, जिथे लोक दोन वर्षांत नोकरी बदलतात आणि चार वर्षांची लीज करतात!

मग करावं काय? लीज करायचीच असेल तर नोकरी टिकेल तेवढीच मुदत घ्यावी. करार मागून चार गोष्टी वाचाव्यात: किलोमीटर, मुदतीआधी सोडण्याचा खर्च, आरसीवर कोणाचं नाव, परत देण्याच्या अटी. महाराष्ट्रात परतायचा बेत असेल तर नावाचा प्रश्न आणखी महाग, कारण तिकडे कंपनीच्या नावाच्या गाडीला कर २० टक्के आहे. बाकीच्यांनी लागते त्याहून एक आकार लहान गाडी घ्यावी, पाच वर्षांत फेडावी आणि पुढची पाच-सात वर्षं फुकट फिरवावी. कर पंधरा वर्षांचा भरतो तर चार वर्षांत गाडी टाकायची कशाला? रोजच्या कामाला यशवंतपुरात २०१४ पासून मेट्रो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते फार नवं नाही, हे मला ठाऊक आहे.

आमच्या मित्राने लीज घेतली. पांढरी, छान गाडी आहे. परवा तळघरातल्या खांबाला घासली. संध्याकाळी ते दारात उभे.

"काका, तुमचा तो मत्तिकेऱ्यातला रंगारी... नंबर देता का?"

मी नंबर दिला. त्या यंत्राचं मात्र सांगायचं राहून गेलं.